ठासणीच्या बंदुकीला नवी नळी

स्लेट लिक, केंटकी
१७ मार्च १९५७

चि. थर्मनला ताईचे अ. आ.

तुझं पत्र आणि सोबतचं कॅलेंडर पोचलं. कॅलेंडर मी स्वयंपाकघरात टांगलं होतं. तुझ्या दाजींनी ते पडवीत नेलंय आणि त्यावरच्या गाईच्या डोळ्यावर नेम धरायचा सराव चाललाय. बंदुकीनं नाही, केरसुणीच्या दांड्यानं. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. निदान काल जेवेपर्यंत तरी होतं.

तुला ठाऊकच आहे, नोव्हेंबरच्या नेमबाजीत बक्षिसाच्या बैलाच्या मांड्या आणि फऱ्या पहिल्या चौघांच्या, आणि पाचव्याच्या वाट्याला कातडं नि चरबी. ह्यांनी सलग दुसऱ्या वर्षी कातडं घरी आणलं. माझ्या माळ्यावर आता इतकी कातडी आहेत की मांजर वर जायला तयार नाही. आधीच्या वर्षी म्हणे दारू दमट होती. मग वारा होता. सबंध हिवाळा शेकोटीपाशी बसून आता त्यांना खरं कारण सापडलंय: नळी. ज्या नळीनं त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी नेम मारले, तिचा तोल म्हणे पहिल्यापासूनच बरोबर नव्हता. मेलेली माणसं उलटून बोलत नाहीत ते बरं आहे.

नवी नळी हवीय. तू ॲक्रनमध्ये लेथवर काम करतोस म्हणजे जगातलं सगळं लोखंड तुझ्याच हाताखालून जातं, असा त्यांचा समज आहे. ते तुला लिहितील. तू भरीला घालू नकोस.

बाकी गाय चांगली आहे. परवा ह्यांच्या हातून दुधाची भरली बादली सुटली. म्हणाले, कडी गुळगुळीत झालीय. मी कडी पाहिली, गंजलेली आहे.

तिकडच्या थंडीत कान झाकत जा, आणि एखादी बरी मुलगी दिसली तर कान उघडे ठेव. माया आहेच, तीत काटकसर करणार नाही.

तुझी
ओलेटाताई


स्लेट लिक
१७ मार्च १९५७

रा. रा. मेहुणेसाहेब थर्मन यांसी एल्जिन स्टॅम्परचा स. न. वि. वि.

हे पत्र पुरुषानं पुरुषाला लिहिलेलं आहे. तुझ्या बहिणीनं याच विषयावर काही कळवलं असेल, तर ते विस्तवात टाकावं.

मला नळी हवी आहे. आठपैलू, सरळसोट, छातीपर्यंत उंच, आणि बुडापासून तोंडापर्यंत सारखी जाड. भोक लहान, भिंती जाड. ऑर्व्हिल फ्यूगेटच्या बंदुकीची नळी तू पाहिली आहेस, कुंपणाचा खांबच आहे. माझी नळी शेजारी उभी केली की त्याची नळी वेताची छडी दिसली पाहिजे. उभ्यानं, कशाचाही टेकू न घेता नेम धरायचा तर जडपणा हवा. डोंगर हललेला पाहिलास कधी? नाही ना? मग झालं तर.

या विषयावर फ्यूगेटच्या दाणे-वैरणीच्या दुकानाच्या ओसरीवर हिवाळाभर विचार झालेला आहे. फ्यूगेटचं मत असं, की बंदुकीचा तोल डाव्या हाताच्या पुढे पडावा. अ‍ॅम्ब्रोजकाका म्हणतात, दोन हातांच्या मधोमध. पाद्रीबाबांचं म्हणणं, तोल माणसाच्या अंतःकरणात असतो. मी तिघांनाही मान डोलावली. शेकोटी फ्यूगेटची, तंबाखू काकांची आणि स्वर्ग पाद्रीबाबांचा, तेव्हा कुणाला दुखवून चालत नाही.

तुमच्या भागात क्रेब्स नावाचा कुणी नळ्या करणारा म्हातारा आहे, असं ऐकतो. त्याच्याकडे जावं, माझं नाव सांगावं आणि सर्वांत जड नळी राखून ठेवायला सांगावी. घरात मात्र वाच्यता नको.

आमच्यावर स्नेह आहे तसा राहू द्यावा, आणि तो लवकर कामाला लावावा.

आपला
एल्जिन


ॲक्रन, ओहायो
७ एप्रिल १९५७

ती. एल्जिनदाजींना थर्मनचा शि. सा. न.

आपल्या हुकमाप्रमाणे क्रेब्सकडे जाऊन आलो. त्याची कार्यशाळा म्हणजे घोड्याचा जुना तबेला. घोडा गेला, वास राहिलाय. म्हातारा नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडत होता. त्या वेळी तिथं कुणी बोललेलं त्याला चालत नाही, म्हणून मी तासभर दाराशी पाहुण्या कुत्र्यासारखा उभा होतो. शेवटी त्यानं मान वर केली. मी आपलं नाव सांगितलं. दाजी, खोटं कशाला बोलू, त्यानं ते ऐकलेलं नाही.

सर्वांत जड नळी हवी म्हटल्यावर त्यानं विचारलं, माणूस केवढा आहे. हात किती लांब? उभा कसा राहतो, कंबर मागे टाकून की पुढे वाकून? मान लांब आहे का? मी म्हटलं, बोलायला लागले की होते. हे त्याला आवडलं नाही.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सरळसोट जाड नळी ओंडक्यावर टेकवून मारणाऱ्याला छान. उभ्यानं मारणाऱ्याला ती पुढे ओढते. पहिला बार बरा जातो आणि तिसऱ्यापर्यंत हात रडायला लागतो. फार हलकी घेतली तर तोंड वाऱ्यावरच्या पानासारखं भिरभिरतं. म्हणून तो तिसरीच सांगतो: बुडाशी जाड, पुढे जाताना कमरेत बारीक होत जाणारी, आणि अगदी तोंडाशी पुन्हा किंचित घेर घेणारी. वजन दोन हातांच्या मध्ये राहतं, आणि तोंडाशी जेवढं हवं तेवढंच. तसली एक त्यानं माझ्या हातात दिली. मला बंदुकीतलं काही कळत नाही हे आपण पुष्कळदा चारचौघांत सांगितलेलं आहे. पण ती खाली ठेवावीशी वाटेना.

तेव्हा विचार व्हावा. ताईला काही बोललो नाही. तिनं मात्र मला बरंच काही लिहिलंय.

माझ्यावरचा लोभ असू द्या, आणि केरसुणी तिला परत द्या.

आपला
थर्मन


स्लेट लिक
१५ एप्रिल १९५७

रा. रा. थर्मन यांसी,

पत्र पावलं. वाचून खेद झाला. ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा सर्वांनाच झाला.

कमरेत बारीक आणि तोंडाशी घेर! ही बंदूक आहे की नवरीचा झगा? फ्यूगेट म्हणाला, असली नळी बेडूक मारायला बरी. अ‍ॅम्ब्रोजकाकांनी क्रेब्सच्या घराण्याची चौकशी केली. पाद्रीबाबांनी एवढंच म्हटलं, की जे सरळ आहे ते वाकडं करणाऱ्यांबद्दल शास्त्रात कडक शब्द आहेत.

आणि माझी मान, कंबर, हात यांची चौकशी कशासाठी? मी नळी विकत घेतोय, शिंप्याकडे कोट टाकायला आलेलो नाही. हात जसे असायचे तसे आहेत. जड नळीच पाठवावी.

स्नेहाला तूर्त थोडी झळ लागली आहे, निवल्यावर कळवीन.

एल्जिन


स्लेट लिक
६ मे १९५७

चि. थर्मनला अ. आ.

आधी हसायचं सांगते, मग दुसरं.

जड नळी येईपर्यंत सवय व्हावी म्हणून ह्यांनी केरसुणीच्या दांड्याला माझ्या इस्त्र्या बांधल्या. दोन्ही. रविवारी मी चुरगळलेल्या झग्यात प्रार्थनेला गेले, आणि तुझे दाजी घरात इस्त्र्यांचा नेम धरून फिरत होते. कधी इस्त्री पुढे सरकवायची, कधी मागे. दांड्यावर खडूच्या खुणा. गुरुवारी पाद्रीबाबा आले होते. टोपी त्यांनी खुर्चीवर ठेवलेली. मी वाळवलेल्या शेंगा नि मक्याचा पाव वाढत होते. ह्यांनी तोल दाखवायला दांडा उचलला, कॅलेंडरच्या गाईवर धरला, नि डावा हात एकदम सुटला. दोन्ही इस्त्र्या टोपीवर. टोपीची भाकरी झाली. पाद्रीबाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, देवाची कृपा, डोकं बाहेर होतं.

आम्ही सगळे हसलो. हेही हसले. म्हणाले, गाठ कच्ची होती.

थर्मन, गाठ मी सोडवली. पक्की होती.

जेवण झाल्यावर राख टाकायला मागे गेले तर हे मांसाला धुरी द्यायच्या खोलीमागे उभे. डावा हात तोंडासमोर धरून एकेक बोट मिटत होते, उघडत होते, आणि दुसऱ्या कुणाचा हात असावा तसे त्याच्याकडे बघत होते. मी पाऊल न वाजवता परतले. मग मला एकेक आठवायला लागलं. चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक हल्ली उजव्या हातात असतं आणि डावा खिशात. सदऱ्याची वरची गुंडी नाताळापासून मी लावते. म्हणे हल्लीच्या गुंड्या निसरड्या करतात. बादली झाली, आता इस्त्री. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, डॉक्टर आजाऱ्यांसाठी असतो, नळी बिघडलेल्यांसाठी नाही.

नेमबाजी सुटली तर ते ओसरीवर जाणार नाहीत. ओसरी सुटली तर घरात बसतील, आणि घरात बसलेला एल्जिन स्टॅम्पर मला पाहायचा नाही. तेव्हा माझं एक ऐक. सर्वांत हलकी नळी पाठव आणि पत्रात ठोकून दे की हीच सर्वांत जड. हवं तर तिच्यावर मोठा आकडा कोरून आण. छापलेल्या आकड्यावर त्यांचा बायबलइतकाच विश्वास आहे.

इथं हे कुणाजवळ बोलता येत नाही. मनात ठेव.

तुझी
ताई


ॲक्रन
१९ मे १९५७

ती. ताईला थर्मनचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून कामावर गेलो आणि दोन तुकडे वाया घालवले.

मी लहान असताना ओढ्याला पूर आला होता, तेव्हा दाजींनी मला डाव्या काखेत धरून पलीकडे नेलं होतं. उजव्या हातात कोंबडी होती. पलीकडे पोचल्यावर त्यांनी आधी कोंबडी कोरडी केली. तो हात आता गुंडीला घाबरतो हे मला खरंच वाटत नाही.

तू सांगितलंस तसं करून पाहिलं. क्रेब्सला म्हटलं, हलक्या नळीवर जड नळीचा आकडा कोर. म्हातारा इतका लाल झाला, की मला वाटलं आता मीच ठासला जातो. म्हणाला, खोटा आकडा माझ्या थडग्यावर कोर, माझ्या नळीवर नको. मग मी खरं काय ते सांगितलं. त्यानं कानस खाली ठेवली आणि म्हणाला, दोन्ही घेऊन जा. त्यांना हवी ती जाड, आणि ही कमरेची. दोन्हींना फळीचा कच्चा दस्ता बांधून देतो. माणसाला हातात धरू दे. हाताला कळतं, तोंडाला उशिरा कळतं. नको असेल ती परत पाठव.

मला इतक्यात रजा नाही, म्हणून दोन्ही गोधडीत गुंडाळून रेल्वेनं पाठवतोय. पार्सलवाल्यानं आत काय विचारलं तर पडद्याच्या दांड्या म्हणून सांगितलं. त्यानं उचलून पाहिलं आणि विचारलं, पडदे कसले, पत्र्याचे का?

ताई, नळीनं हात बरा होत नाही. डॉक्टरचं मनावर घे.

आहे तशीच माया ठेव, आणि खोटं बोलायला आता माझ्यावर विसंबू नकोस, मला जमत नाही.

तुझा
थर्मन


स्लेट लिक
१२ जून १९५७

चि. थर्मनला अ. आ.

दांड्या पोचल्या. पडदे उघडले.

गोधडी घरी सोडतील तर ते तुझे दाजी कसले. दोन्ही बंदुका खांद्यावर टाकून निघाले थेट फ्यूगेटच्या ओसरीवर. मला कोंबड्यांचं खाद्य आणायचंच होतं, मीही मागोमाग गेले.

जाडी नळी बाहेर निघाल्याबरोबर, ह्यांनी उचलायच्याही आधी, सगळ्यांनी वाहवा केली. अ‍ॅम्ब्रोजकाकांनी तिला हात लावून हात कपाळाला लावला. मग ह्यांनी ती उचलली, गाल टेकवला, रस्त्यापलीकडच्या खांबावर धरली. क्षणभर धरली गेली. मग तोंड खाली यायला लागलं. सावकाश, संध्याकाळी कोंबडी मान टाकते तसं.

आता ओसरीची गंमत ऐक. फ्यूगेट म्हणाला, ओसरीला उतार आहे. त्यानं सुताराची पाणसळ आणली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. काका म्हणाले, पाणसळ जुनी आहे. फ्यूगेटला राग आला, म्हणाला, माझ्या दुकानातला माल जुना नसतो. पाद्रीबाबा म्हणाले, मुळात पृथ्वीच कललेली आहे. तिघे भांडत होते आणि ह्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, नळी आणखी खाली, आणखी खाली. कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मुद्दामच बघत नव्हते की काय, देव जाणे.

शेवटी ह्यांनी बंदूक खाली घेतली आणि म्हणाले, धरणाऱ्याला तोल दिसत नाही, तो बाजूनं पाहावा लागतो. आणि दिली माझ्या हातात. मी खाद्याची पिशवी खाली ठेवली. बाई गं! वासराला शेपटीनं उचलल्यासारखं झालं. मी ती परत दिली आणि दुसरी उचलली, कमरेची.

थर्मन, मला हे नीट सांगता येणार नाही. ती आपणहून गालाशी आली. दुकानाच्या पाटीवर फ्यूगेटच्या नावातलं मधलं अक्षर आहे, त्यावर धरली आणि ती तिथंच राहिली. मी काही धरलंय असं वाटेना. ओसरीवर कुणी बोलेना. त्या ओसरीवर कुणी बोलत नाही हे मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

हे बाजूला उभे राहून पुष्कळ वेळ बघत होते. माझ्याकडे की नळीकडे, कळलं नाही. मग स्वतः घेऊन पाहिली. त्यांच्या हातातही ती कलली, पण उशिरा. म्हणाले, हीच ठेवायची. आणि लगेच ओसरीला ऐकवलं, ओहायोतल्या जाणत्या नेमबाजांनी जाड नळ्या केव्हाच सोडल्या, ह्याला काय माहीत, त्याला काय माहीत. बेडूक मारायची नळी म्हणणारा फ्यूगेट मला पिशवी बांधून देताना हळूच विचारतो, क्रेब्सकडे आणखी आहेत का गं.

जाडी परत पाठवतेय. डॉक्टरचं नाव काढलं की अजून उठून गोठ्यात जातात.

माया आहे, इस्त्र्याही परत मिळाल्या आहेत.

तुझी
ताई


ॲक्रन
२१ जुलै १९५७

ती. दाजींना शि. सा. न.

आपल्या निवडीबद्दल अभिनंदन. क्रेब्सला आपल्या खोऱ्यातून आणखी दोन पत्रं आली आहेत. एक फ्यूगेट यांचं. त्यांना कमरेत बारीक नळी हवी आहे, पण स्टॅम्परच्या नळीपेक्षा कंबर बारीक पाहिजे. दुसरं अ‍ॅम्ब्रोजकाकांचं, त्यांना फ्यूगेटपेक्षा बारीक हवी. दोघांनीही एकमेकांना कळू न देण्याची अट घातली आहे. क्रेब्स म्हणतो, आणखी दोन गिऱ्हाइकं आली तर विणायची सुई पाठवावी लागेल. फ्यूगेट अंगानं रेड्यासारखे आहेत, हलकी नळी त्यांच्या हातात भिरभिरेल, असं त्यानं त्यांना लिहून कळवलं. त्यांनी उलट लिहिलं, की रेडा कोण ते नळी आल्यावर बघू.

दाजी, आता एक विचारतो, रागावू नका. हात कसा आहे?

उत्तराची वाट पाहतो. लोभात मी सदैव आहेच.

थर्मन


स्लेट लिक
२२ सप्टेंबर १९५७

रा. रा. थर्मन यांसी स. न. वि. वि.

बंदूक तयार झाली. दस्ता लाटदार रेषांच्या मेपल लाकडाचा, नळीला गंजाचा तपकिरी रंग चढवलाय, तोंडाच्या घेरावर ऊन पडलं की नजर हटत नाही. झग्याबद्दल मी पूर्वी काही लिहिलं असल्यास ते फ्यूगेटचं मत होतं.

तोल पारखण्याची माझी स्वतःची पद्धत मी बसवली आहे. चहा झाला की ओलेटा बंदूक धरते आणि मी बाजूनं पाहतो. मध्येच तिच्याकडून दोन-चार बार काढून घेतो, केवळ नळी गरम राहावी म्हणून. दारू मी मोजतो, तेलकट चिंधीत गोळी मी गुंडाळतो, गजानं मी ठासतो. ती फक्त चाप ओढते. गोळ्या निशाणावरच्या फुलीला इतक्या लगटून बसतात, की काल तिघींना मिळून एकच भोक पडलं. यावरून नळी किती उत्तम निवडली गेली आहे याची कल्पना यावी.

हाताबद्दल विचारलंस. हात दोन आहेत.

तंबाखूची पानं यंदा चांगली वाळली. नोव्हेंबरात आलास तर मांडीचं मांस खायला घालीन.

स्नेह पूर्ववत झाला आहे.

एल्जिन


स्लेट लिक
१७ नोव्हेंबर १९५७

चि. थर्मनला अ. आ.

तू यायला हवा होतास.

शनिवारी माणसं पलीकडच्या खोऱ्यांतूनही आली होती. जळक्या फळीवर पांढरी फुली, प्रत्येकाला तीन बार, त्यातला सर्वांत जवळचा धरायचा. फ्यूगेट नवी सुई घेऊन आला होता. ती त्याच्या हातात अशी थरथरत होती की पहिल्या बाराला फळीमागचे लोक झाडामागे गेले, आणि दुसऱ्याला झाडामागचे घरी गेले.

ह्यांचा पहिला बार फळीलाच लागला नाही. ह्यांनी पुन्हा ठासली, उभे राहिले, धरली. मी डाव्या हाताकडे बघत होते. आधी कोपर हललं, मग मनगट, मग नळीचं तोंड खाली यायला लागलं. ह्यांनी ती वर आणली. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा वर आलीच नाही. चाप न ओढता त्यांनी बंदूक उतरवली.

लगेच ओसरी मदतीला धावली. फ्यूगेट ओरडला, वारा उलटलाय. काका म्हणाले, सूर्य डोळ्यावर येतोय, फळी हलवा. पाद्रीबाबा म्हणाले, क्रेब्सची नळी. मी पहिल्यापासून सांगत होतो. नळी, नळी, सगळे एका सुरात नळी.

हे फळीकडेच बघत होते. आणि अगदी साध्या आवाजात, जेवताना मीठ मागावं तसं, म्हणाले, की नळी उत्तम आहे. हात गेलाय. वर्ष होत आलं.

थर्मन, दीडशे माणसं असतील तिथं. बैलसुद्धा गप्प होता. तसा तो सकाळपासूनच गप्प होता म्हणा.

मग त्यांनी मला हाक मारली. मी चर्चच्या मंडळीतल्या बायकांबरोबर सफरचंदाची पोळी कापत होते. चाकू तसाच हातात घेऊन गेले. म्हणाले, बार दोन राहिलेत, मार.

त्यावर जी पंचाईत झाली! बाईला चालतं का? नियम लिहिलेला नाही, म्हणून सगळ्यांना तो वेगवेगळा आठवत होता. फ्यूगेट म्हणाला, नाव स्टॅम्परच्या घराचं लागलंय, ही काय फ्यूगेटच्या घरची आहे? मला ते ऐकून नवल वाटलं, तो आमच्या बाजूनं बोलेल असं वाटलं नव्हतं. काका म्हणाले, माझी आजी लांडगे मारायची, तिला कुणी विचारलं नव्हतं. पाद्रीबाबा बायबलची पानं उलटत बसले आणि शेवटी त्यांना शत्रूच्या कपाळात तंबूची खुंटी ठोकणारी याएल सापडली. म्हणाले, हत्यार वेगळं, पण नेम बाईचाच होता.

ठासलेली होतीच. मी उभी राहिले. चाकू खाली ठेवला आणि नळी गालाशी घेतली. पहिली गोळी फुलीच्या खाली बोटभर. दुसऱ्या वेळी दारू ह्यांनी घातली, उजव्या हातानं. नळी मी धरली. चिंधी, गोळी, गज. त्यांची मान माझ्या खांद्याशी होती. हळूच म्हणाले, घाई करू नकोस, ती कुठं जात नाही. मी धरली, ती थांबली, मी ओढला.

फुलीचा एक पाय उडाला.

दुसरी आले. मागची मांडी आपली. पहिला कोण? पलीकडच्या खोऱ्यातला एक अनोळखी माणूस, दस्ता तारेनं बांधलेला. ओसरीनं त्याला घेरलं. नळी कुणाची, जाडी किती, तोल कुठं? तो म्हणाला, ठाऊक नाही बुवा, घरात होती.

परतताना बंदूक मी घेतली आणि मांडी ह्यांनी उजव्या खांद्यावर. दारापाशी म्हणाले, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. मी होय म्हटलं आणि चूल पेटवायला आत गेले. तिथं थोडा वेळ बसले.

तुझी
ताई


स्लेट लिक
९ डिसेंबर १९५७

रा. रा. मेहुणे थर्मन यांसी एल्जिनचा स. न. वि. वि.

मांडीतला मोठा तुकडा धुरी देऊन तुझ्यासाठी टांगून ठेवला आहे. नाताळात ये.

तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो. आत शिरतो तो बाकावर फ्यूगेट. मी विचारलं, इकडे कुठं? म्हणाला, काकांना सोबत म्हणून आलो. काका पलीकडे बसलेले. ते म्हणाले, मी फ्यूगेटला घेऊन आलोय. त्या दोघांत पाद्रीबाबा उभे, ते म्हणाले, मी आजाऱ्यांना धीर द्यायला येत असतो. तिघांच्याही हातात चिठ्ठ्या होत्या. फ्यूगेटला उजव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही, हे नर्सनं तीनदा हाक मारल्यावर सर्वांना कळलं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. चार वर्षं ते फळी सोडून फळीच्या आवाजावर नेम धरतायत. पाद्रीबाबांचं काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, पण बाकावर बसायला ते तयार नव्हते. पाद्रीबाबा सोडून सगळ्यांनी यंदा नव्या नळ्या घेतल्या आहेत. मग काका म्हणाले, हा बाक एका बाजूला कललाय. त्यावर मत देण्यात वेळ बरा गेला.

माझं असं, की मानेत एक शीर दबली आहे. ओंडके वाहून. ओंडके बंद, मानेला पट्टा, आणि हाताला रोज व्यायाम. गुंडीपुरतं बळ परत येईल म्हणाला. त्याहून पुढचं सांगता येत नाही. बरं झालं वेळेवर आलात, असंही म्हणाला, आणि ओलेटानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही, तुझी बहीण आहे, तू जाणतोस.

निघताना मी विचारलं, बंदूक? तो म्हणाला, ती आता दुसऱ्या कुणाला तरी धरू द्या.

मी म्हटलं, ती सोय झालेली आहे.

क्रेब्सबाबांना माझा नमस्कार सांगावा. तुझ्यावरचा लोभ आता दोघांच्या वतीनं लिहितो; ती शेजारी साच्यात शिशाच्या गोळ्या ओततेय, तिचे हात मोकळे नाहीत.

तुझा
एल्जिनदाजी